फौज पाठविण्यापूर्वी

नायगावच्या पोलीस मैदानाजवळून शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना कवायतीचे दृश्य नवीन नाही. एका हुकमासरशी शेकडो पावले एकदम वळतात. शिपायाने हुकूम पाळावा, हे शिस्तीला धरूनच आहे. परंतु ज्याच्या हाती हुकूम देण्याचा अधिकार आहे, त्याने तो देण्यापूर्वी किती विचार करावा? आणि तो हुकूम परमुलखात जाण्याचा असेल तर? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास इतिहासातील काही प्रसंग उपयोगी पडतील.

पहिला प्रसंग गुलामीच्या काळातील आहे. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबई बंदरातून जहाजांनी निघाली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबर रोजी ही फौज इराकच्या किनाऱ्यावर फाओ येथे उतरली आणि थोड्याच दिवसांत बसरा शहर इंग्रजांच्या हाती आले. पुढे बगदाद घेण्याची घाई झाली. टेसिफॉन येथे तुर्कांनी फौजेला अडविले आणि माघार घेता घेता ती कुट या गावी वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. त्यांतील हजारो कैदेत, रणरणत्या वाटेवर मरण पावली.

या पलटणींत कोकणातील व देशावरील मराठ्यांच्या जोडीला दक्षिणी मुसलमानांच्या कंपन्याही असत, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. समोर लढत होते ते तुर्क, ज्यांचा सुलतान त्या काळी मुसलमानांचा खलिफा मानला जाई. त्या शिपायांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल! पण त्यांना कोणी विचारले नाही. मराठा शिपायालाही विचारले नाही आणि महाराष्ट्रातील त्याच्या आईबापांनाही नाही. युद्ध कशासाठी, हे लंडनमध्ये ठरले होते.

दुसरा प्रसंग स्वतंत्र भारताचा आहे. २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले. उत्तर कोरियाने आक्रमण केले, हे संयुक्त राष्ट्रसंघातील भारताच्या प्रतिनिधीने मान्य केले. पण अमेरिकेच्या हाताखाली एकत्रित सेना उभारण्याचा ठराव ७ जुलै रोजी सुरक्षा समितीपुढे आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. लढाऊ फौज पाठविण्यास नेहरू सरकारने नकार दिला. फाळणीचे घाव ताजे होते, काश्मीरचा प्रश्न धुमसत होता, अन्नधान्याची टंचाई होती. शिवाय दोन बड्या गटांच्या भांडणात एकाचा हस्तक व्हायचे नाही, असा निश्चय होता. मग भारत हात बांधून बसला काय? नाही. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली साठावी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स, म्हणजे डॉक्टर व शुश्रूषा करणारे जवान, कोरियाला गेली. या तुकडीने जखमी सैनिकांची तशीच सामान्य नागरिकांचीही सेवा केली.

पुढे १९५३ मध्ये युद्ध थांबले, तरी एक गाठ सुटेना. सुमारे २२,६०० चिनी व उत्तर कोरियन कैदी मायदेशी परत जाण्यास राजी नव्हते. त्यांचा सांभाळ कोणी करावा? दोन्ही बाजूंना चालेल असा पहारेकरी हवा होता. लढाईत न उतरलेल्या भारताचे नाव येथे पुढे आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि सुमारे सहा हजार भारतीय जवानांच्या रक्षक दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शं. पां. पा. थोरात, आपल्या कोल्हापूरकडील वडगावचे सुपुत्र.

काम सोपे नव्हते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैन्याला आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. जवानांना बोटीवरून हेलिकॉप्टरने थेट तटस्थ पट्ट्यात उतरवावे लागले. २५ सप्टेंबर १९५३ रोजी चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून कुंपणाआड नेले. बळाचा वापर करणे थोरातांच्या हाती होते. पण ते स्वतः कैद्यांच्या गराड्यात शिरले, शांतपणे बोलले आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून बाहेर आले. पुढे ऑक्टोबरच्या आरंभी पहारेकऱ्यांना गोळी झाडावी लागली व काही कैदी प्राणास मुकले, हेही सांगितले पाहिजे. शांततेचे काम रक्त न सांडता होतेच असे नाही. म्हणूनच ते अंगावर घेण्यापूर्वी विचार करायचा असतो.

असा विचार लहान देशांनीही केला आहे. आयर्लंडने १९६० मध्ये काँगोत शांतिसैनिक पाठविले. त्याच वर्षी आयरिश पार्लमेंटने असा कायदा केला, की सशस्त्र तुकडी बाहेर धाडायची तर राष्ट्रसंघाचा आदेश आणि लोकप्रतिनिधींची संमती, दोन्ही हवीत. ८ नोव्हेंबर १९६० रोजी काँगोतील निएम्बा येथे त्या चिमुकल्या देशाचे नऊ जवान मारले गेले. ज्या देशाची फौज लहान, त्याला एकेका शवपेटीचे ओझे मोठे वाटते.

तिसरा प्रसंग २००३ सालचा. अमेरिका व ब्रिटनने मार्चमध्ये इराकवर स्वारी केली. त्यानंतर व्यवस्था राखण्यासाठी भारताने सुमारे १७,००० सैनिक द्यावेत, अशी अमेरिकेची इच्छा होती. मैत्री वाढेल, देशाचे वजन वाढेल, असे सांगणारे आपल्याकडेही होते. लोकसभेने एप्रिलमध्येच युद्धाचा निषेध केला होता. अखेर १४ जुलै रोजी वाजपेयी सरकारने नकार कळविला. राष्ट्रसंघाचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, एवढेच सांगितले. पुढच्याच महिन्यात, १९ ऑगस्टला, बगदादमधील राष्ट्रसंघाच्या कचेरीवर भीषण बाँबहल्ला झाला. राष्ट्रसंघाचे निशाणही तेथे ढाल ठरले नाही.

ज्या मुलखात १९१४ साली आपल्या मुलखातील माणसे न विचारता नेली गेली, तेथे २००३ साली आपण विचार करून गेलो नाही. पालक बंधुभगिनींनो, पारतंत्र्य आणि स्वातंत्र्य यांतील फरक याहून स्पष्ट कसा सांगावा?

याचा अर्थ भारताने जगाकडे पाठ फिरविली असा नव्हे. राष्ट्रसंघाच्या शांतिकार्यात आजवर दोन लाखांहून अधिक भारतीयांनी भाग घेतला असून दीडशेहून अधिक जवानांनी प्राण वेचले आहेत. सावधपणा आणि भित्रेपणा एक नव्हेत. कुंपणाआड शिरणारे थोरात भित्रे नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी सैन्यात जाईल, कोणी वर्तमानपत्रात लिहील, कोणी विधिमंडळात वा संसदेत बसेल. मत सर्वच देतील. फौज पाठविण्याची बातमी वाचाल तेव्हा बोलावले कोणी, दोन्ही पक्ष राजी आहेत काय, हुकूम कोणाचा चालणार आणि परत कधी यायचे, एवढे अवश्य विचारा. कुटच्या वेढ्यात भुकेने मेलेल्या शिपायाला हे विचारता आले नाही. तुम्हांला येते.