झहरावींची खंत

कुर्तुब्याचे, म्हणजे स्पेनमधल्या कॉर्डोबाचे, हकीम अबुल कासिम अल-झहरावी १०१३ च्या सुमारास वारले. त्यांच्या ‘अत-तसरीफ’ ग्रंथाचे ३० भाग, शेवटचा शस्त्रक्रियेवर. नाकात वाढलेलं मांस काढण्याची रीत त्यात आहे: रुग्णाला सूर्यासमोर बसवा, नाकपुडी उघडा, मांस आकड्याने ओढून धारदार पात्याने कापा. उजेड हवाच, पण रक्त साचलं की उजेडही निकामी.

आज दुर्बिणीने ऑपरेशन होतं, तरी अडचण तीच. रक्ताने भिंग झाकलं की काही दिसत नाही, आणि सायनसला लागूनच डोळा आणि मेंदू. म्हणून नाकात पॉलिप असतील तर बरेच सर्जन आधी काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. सूज उतरते, रक्त कमी जातं. याच कुळातल्या कॉर्टिसोनच्या संशोधनाला १९५० साली नोबेल मिळालं.

आपण झहरावींचं नाव अभिमानाने घेतो. पण याच भागाच्या सुरुवातीला त्यांनी खंत मांडली आहे: शस्त्रक्रियेची विद्या आपल्याकडे लोपत चालली, कारण हकीम शरीररचना शिकत नाहीत. मला वाटतं, अभिमानापेक्षा ही खंतच आपल्या जास्त कामाची आहे.