साखरेची उणीव आणि साखरेचे पथ्य

उन्हातून चालत आलेल्या पाहुण्याच्या हाती प्रथम गूळ आणि पाणी ठेवण्याची रीत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फार जुनी आहे. भुकेने हातपाय कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगाला दरदरून घाम सुटला, म्हणजे जिभेवर गोडाचा खडा ठेवावा, हे ज्ञान घरातील वडीलधाऱ्या मंडळींना कोणत्याही ग्रंथावाचून होते. परंतु अशा ग्लानीमागे रक्तातील साखर उतरणे हे कारण असू शकते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला स्पष्टपणे कळून जेमतेम शंभर वर्षे झाली आहेत. आणि ज्यांना ही ग्लानी जेवणानंतर वरचेवर येते, त्यांच्या बाबतीत गोड खाणे हा क्षणाचा उतारा असला, तरी कायमचा उपाय साखरेचे पथ्य हाच आहे, हे तर त्याहूनही नंतर उमगले. मधुमेहाची कथा सर्वांस ठाऊक असते. तिच्या सावलीत राहिलेली ही दुसरी कथाही तितकीच बोधप्रद आहे.

रक्तात साखर असते आणि ती केवळ अन्नातून येत नाही, हे प्रथम दाखविले ते क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने. प्राण्याने गोड पदार्थ मुळीच खाल्ला नसला, तरी त्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडते, असे त्याला 1848 साली आढळून आले. यकृत ही साखर ज्या पदार्थाच्या रूपाने साठवून ठेवते, तो ग्लायकोजेन नावाचा पदार्थ त्याने 1857 मध्ये वेगळा काढला. सुगीत आलेले धान्य कणगीत भरावे आणि पुढे गरजेप्रमाणे काढावे, तसा हा यकृताचा व्यवहार आहे. ही कणगीच नाहीशी झाली तर काय होते, याचे उत्तर 1921 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फ्रँक मान याने दिले. यकृत काढून टाकलेल्या कुत्र्यांच्या रक्तातील साखर भराभर उतरली आणि ती मरणपंथाला लागली. मात्र द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, शिरेतून देताच ती पुन्हा उठून उभी राहिली. साखरेची उणीव प्राणघातक ठरते, याचा हा सज्जड पुरावा होता.

त्याच वर्षी कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट हे दोघे स्वादुपिंडाचा अर्क काढण्याच्या खटपटीत होते. वर्षाच्या अखेरीस जेम्स कॉलिप हा रसायनज्ञ त्यांना येऊन मिळाला. शुद्ध केलेला अर्क तो सशांना टोचून पाही. अर्काची मात्रा अधिक झाली, की ससे प्रथम अस्वस्थ होत, मग त्यांना आचके येत आणि ते निपचित पडत. ग्लुकोज टोचताच तेच ससे पुन्हा हिंडूफिरू लागत. 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला अर्काचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. कॉलिपने शुद्ध केलेल्या अर्काचा गुण मात्र त्याच महिन्याच्या 23 तारखेपासून दिसू लागला. मधुमेह म्हणजे मृत्यू हे समीकरण तेव्हापासून मोडले आणि 1923 साली बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु सशांना जे झाले ते माणसांनाही होऊ लागले. इन्शुलिनची मात्रा थोडी जास्त झाली, किंवा इंजेक्शन घेऊन जेवणाला उशीर झाला, की रोग्याला एकाएकी खा खा सुटे, छातीत धडधड होई, घाम येई, हात थरथरत. पुढे बोलणे असंबद्ध होई आणि शेवटी शुद्ध हरपे. अशा वेळी संत्र्याचा रस किंवा साखर पोटात गेली, की काही मिनिटांत रोगी सावध होई. टोरांटोच्याच फ्लेचर आणि कॅम्पबेल या दोघा डॉक्टरांनी ही लक्षणे 1922 साली पद्धतशीरपणे नोंदविली.

याची कारणेही लवकरच उलगडली. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण विसाव्यात असलेल्या शरीराच्या एकंदर ऊर्जेपैकी सुमारे एक पंचमांश ऊर्जा एकटा मेंदू वापरतो, आणि ती मुख्यतः ग्लुकोजच्या रूपाने. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर 100 मिलिलिटरमागे साधारणपणे 70 ते 100 मिलिग्रॅम ग्लुकोज असते. ते फार उतरले, तर मेंदूचे काम अडते. तशी वेळ येण्यापूर्वीच शरीर धोक्याची घंटा वाजविते. साखर उतरताच अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन स्रवते, हे हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन याने व त्याच्या सहकाऱ्यांनी 1924 साली दाखविले. घाम, कंप आणि धडधड ही लक्षणे मुख्यतः या घंटेची. भ्रम आणि बेशुद्धी ही उपाशी मेंदूची.

येथपर्यंत ही सारी इन्शुलिनच्या इंजेक्शनाची कथा होती. तिला निराळे वळण दिले ते अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरी व्यवसाय करणाऱ्या सील हॅरिस या डॉक्टरने. ज्यांना मधुमेह नाही, ज्यांनी इन्शुलिन कधी टोचून घेतलेले नाही, अशा काही रोग्यांच्या तक्रारी इन्शुलिन जास्त झालेल्या मधुमेह्यांच्या तक्रारींशी तंतोतंत जुळतात, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने त्यांचे रक्त तपासले, तेव्हा साखर कमी भरली. यावरून त्याने तर्क केला, की स्वादुपिंडाचा आळस हा जसा रोग आहे, तसा त्याचा अतिउत्साह हाही रोग असला पाहिजे. हा विचार त्याने 1924 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मांडला.

हॅरिसचे खरे वैशिष्ट्य त्याच्या उपचारात होते. साखर कमी पडते, तर साखर द्यावी, हे कोणालाही सुचेल. परंतु त्याने साखरच कमी करावयास सांगितले. गोड पदार्थ भरपूर खाल्ले, की रक्तातील साखर झपाट्याने चढते. त्या चढाला उत्तर म्हणून स्वादुपिंड इन्शुलिनचा लोंढा सोडते. चढ ओसरला तरी लोंढा लगेच थांबत नाही, आणि दोन-चार तासांत साखर मूळ पातळीच्याही खाली घसरते. माणूस पुन्हा गोडाकडे धावतो आणि चक्र नव्याने सुरू होते. सावकाराकडून घेतलेले कर्ज फेडण्यासाठी त्याच सावकाराचे दुसरे कर्ज काढावे, तसा हा प्रकार. यावर गोड व पिष्टमय पदार्थ कमी करणे आणि थोड्या थोड्या अंतराने थोडे थोडे खाणे, हा हॅरिसचा तोडगा होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1949 साली त्याला आपले विशेष सेवापदक दिले.

परंतु अतिउत्साही स्वादुपिंडाची सर्वच प्रकरणे पथ्याने मिटणारी नव्हती. 1926 साली मेयो क्लिनिकमध्ये असा एक रोगी आला, की ज्याची साखर वारंवार आणि धोकादायक रीतीने उतरत असे. तो स्वतः व्यवसायाने डॉक्टर होता. विल्यम मेयो याने शस्त्रक्रिया केली, तेव्हा स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा कर्करोग आढळला आणि तो यकृतात पसरलेला होता. त्या गाठींचा अर्क सशांना टोचला असता त्यांचीही साखर उतरली. तो रोगी वाचला नाही. परंतु 1929 साली टोरांटोतच रॉस्को ग्रॅहम या शल्यविशारदाने अशी एक गाठ वेळीच काढून रोग्याला बरे केले. अशा रोग्यांची दुर्दशा दुहेरी असे. झटके आले की ते भलतेच बरळत, तोल जाऊन पडत. त्यांना कोणी दारुडे ठरवी, कोणी अपस्माराचे रोगी समजे, तर कोणाची रवानगी वेड्यांच्या इस्पितळाकडे होई. शोध लागला नाही, तर उपाशीपणी येणारा एखादा झटका अखेरचा ठरण्याचे भय असे.

येथे शास्त्रापुढे एक पेच उभा राहिला. थकवा, धडधड, कंप, घाम ही लक्षणे शंभर कारणांनी होतात. साखरेच्या उणिवेचा आरोप सिद्ध झाला असे केव्हा म्हणावे? एखाद्या न्यायाधीशाला शोभेल असे उत्तर न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी 1938 साली दिले. गाठीच्या संशयावरून पोट उघडण्यापूर्वी तीन गोष्टी सिद्ध झाल्या पाहिजेत, असे त्यांनी सांगितले: लक्षणे साखर उतरल्याची असावीत, लक्षणे चालू असताना घेतलेल्या रक्तात साखर खरोखर कमी असावी, आणि ग्लुकोज देताच ती लक्षणे नाहीशी व्हावीत. हे व्हिपलचे त्रिक आजही या रोगाच्या निदानाचा पाया मानले जाते.

पथ्याचे शास्त्रही दरम्यान पुढे गेले होते. मिशिगन विद्यापीठाच्या जेरोम कॉन यांनी 1936 साली प्रथिनप्रधान आहाराचे फायदे प्रयोगांनी दाखविले. प्रथिनांपासूनही शरीर ग्लुकोज बनविते, परंतु सावकाश. त्यामुळे रक्तातील साखरेचा एकदम चढ होत नाही आणि म्हणून एकदम उतारही होत नाही. हॅरिसने काय कमी करावे ते सांगितले होते. त्या जागी काय वाढवावे, हे कॉन यांनी सांगितले.

एवढ्यावर कथा संपती, तर बरे होते. परंतु गुणकारी औषधाची जी गत पुष्कळदा होते, तीच या पथ्याची झाली. 1951 साली अमेरिकेत अब्राहमसन आणि पेझेट यांचे या विषयावरील एक लोकप्रिय पुस्तक निघाले, आणि पाहता पाहता रक्तातील साखरेची उणीव हा घरोघरचा रोग झाला. खिन्नता, चिडचिड, व्यसन, निद्रानाश, कामातील निरुत्साह, सर्वांचे खापर तिच्यावर फुटू लागले. उपाशीपोटी ग्लुकोजचे पाणी पाजून काही तास रक्त तपासण्याची जी चाचणी होती, तिच्यात आकडा जरा खाली गेला, की निदान पक्के होई. व्हिपलच्या तीन कसोट्यांची आठवण कोणी ठेवीना. अखेर 1973 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशन, अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आणि एंडोक्राइन सोसायटी या तीन संस्थांना संयुक्त निवेदन काढून सांगावे लागले, की एवढ्या लोकांना हा रोग झाला आहे या समजुतीला वैद्यकीय पुरावा नाही. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने चाचणीतील दोषही दाखवून दिला. ग्लुकोजच्या पाण्याने ज्यांची साखर खाली जाते, त्यांनाच नेहमीचे मिश्र जेवण दिले, तर ती तशी उतरत नाही, असे दिसून आले.

अर्थात या लोकांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. खोटे होते ते घाईने दिलेले नाव. चुकीच्या नावाचा तोटा असा, की खरे कारण, मग ते पंडुरोगाचे असो, कंठग्रंथीच्या विकाराचे असो की मनाच्या दुखण्याचे, तपासाविना राहून जाते. आणि ज्याच्या स्वादुपिंडात खरोखरच गाठ आहे, तो पथ्यावर विसंबून मोलाचा काळ गमावतो.

मग हॅरिसचे पथ्य टाकाऊ ठरले काय? मुळीच नाही. कोणता पिष्टमय पदार्थ रक्तातील साखर किती वेगाने चढवितो, याचे मोजमाप डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली मांडले, तेही टोरांटो विद्यापीठातच. या मोजमापात डाळी, कडधान्ये आणि हरभरे सावकाश चढणाऱ्यांच्या रांगेत बसले. पुढे लठ्ठपणावर जठराची शस्त्रक्रिया करण्याची प्रथा वाढली. अशा काही रोग्यांची साखर जेवणानंतर तीव्रतेने उतरते, असे 2005 साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दाखविले. जठराचा बांध मोडल्यामुळे अन्न आतड्यात वेगाने उतरते आणि हॅरिसने वर्णिलेले चक्र खरोखर फिरू लागते. या रोग्यांसाठी आज पहिला उपचार सांगितला जातो तो आहाराचाच: जेवणे लहान आणि अधिक वेळा, गोड पेये वर्ज्य, पिष्ट मोजके, आणि प्रत्येक वेळी सोबत प्रथिने.

मराठी घरात हा उपदेश परका वाटू नये. न्याहारीला नुसता गोड चहा आणि बिस्किटे घेण्यापेक्षा मोड आलेल्या मटकीची उसळ आणि भाकरी, दुपारच्या वेळी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, भाताबरोबर दाट वरण आणि दही, एवढ्या साध्या बदलांत त्याचे बहुतेक सार येते. मधुमेहावर इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने मात्र साखरेची पुडी खिशात ठेवलीच पाहिजे. झटका आला असता त्याला पथ्य सांगत बसणे घातक ठरेल. आणि ज्याला उपाशीपणी भ्रम होतो वा शुद्ध हरपते, त्याने स्वयंपाकघरात उपाय न शोधता तडक डॉक्टरांकडे जावे.

पाहुण्याच्या हाती गूळ ठेवणारी माउली चुकत नव्हती. उन्हातून आलेल्या थकलेल्या माणसाला तो उतारा योग्यच होता. रोज दुपारी ज्याचे हात कापतात, त्याला मात्र गुळाच्या खड्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर हवे असते: साखर खरोखरच उतरली आहे काय? त्या उत्तरासाठी व्हिपलच्या तीन कसोट्या आहेत, आणि उत्तर होकारार्थी आले, तर हॅरिस आणि कॉन यांची शिदोरी तयार आहे. आधी पुरावा आणि मग पथ्य, हा क्रम पाळला, तर या शंभर वर्षांच्या शोधाचे चीज होईल.