५ जून : कोलंबियाचा सन्मान, गुरूंचे ऋण

१९५२ साली आजच्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 'डॉक्टर ऑफ लॉज' ही मानद पदवी दिली. गौरव घटनेच्या शिल्पकाराचा होता. त्यात वाटा मात्र त्यांच्या शिक्षकांचाही होता.

चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या शाळकरी भीमरावाला हेरले ते कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी. तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी त्याला भेट दिले आणि पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. महाराजांनी कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये दिले, १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेलाही पाठवले. जातीने नाकारलेल्या मुलासाठी केवढे मोठे दार उघडले ते!

कोलंबियात अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे गुरू लाभले.

१९५२ च्या भेटीत ड्यूईंना पुन्हा पाहायची बाबासाहेबांना ओढ होती. पण बाबासाहेब प्रवासात असतानाच, १ जूनला, ९२ वर्षांचे ड्यूई गेले. आपली सारी बौद्धिक घडण त्यांचीच देणगी, असे बाबासाहेबांनी पत्नी सविता यांना पत्रातून कळवले.

तोवर ते स्वतःही मुलांसाठी वाट करून देत होते. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. हीच वाट पुढे नेत आज नवी मुंबईत, ऐरोलीच्या त्यांच्या स्मारकात, वाचकांसाठी ग्रंथालय आहे.