हिशेब जुळण्याचा प्रश्न : सटाण्यात वाचलेली एक स्वीडिश कादंबरी

रहस्यकथेच्या इतिहासात लेखकांची आणि प्रकाशनांची नोंद होते. ती कोठे बसून वाचली गेली, हा प्रश्न सहसा इतिहासाचा मानला जात नाही. माय शेवाल (1935–2020) आणि पेर वालो (1926–1975) यांची ‘द अबॉमिनेबल मॅन’ ही कादंबरी (मूळ स्वीडिश, 1971) प्रस्तुत लेखकाने इंग्रजी अनुवादातून सटाण्यात वाचली. त्या वाचनाने गावाच्या एका जुन्या कथेकडे पाहण्याची दृष्टी बदलली, म्हणून हा खाजगी प्रतिसाद येथे मांडावासा वाटतो.

या लेखकद्वयाने 1965 ते 1975 या काळात लिहिलेल्या दहा कादंबऱ्यांना ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ असे समान उपशीर्षक आहे. खून अनेक, गुन्हा मात्र एक. मार्क्सवादी भूमिकेतून लिहिणाऱ्या या लेखकांच्या मते तो कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याने दुर्बल नागरिकांशी केलेला द्रोह होय. प्रस्तुत कादंबरीत नीमन या पोलीस अधिकाऱ्याचा रुग्णालयात खून होतो. तपास करणारे पोलीस दफ्तर उघडतात, तेव्हा त्याच्या क्रौर्याविरुद्धच्या तक्रारी एकामागून एक निकालात काढलेल्या आढळतात. त्यांपैकी एक तक्रार खुनी माणसाची, एका माजी पोलिसाची आहे. त्याची मधुमेही पत्नी बेशुद्ध पडली असता तिला मद्यधुंद समजून कोठडीत टाकण्यात आले आणि तेथेच ती मरण पावली.

बाबुराव अर्नाळकरांच्या (1906–1996) झुंजार आणि काळा पहाड यांनी ज्याचे अपेक्षाक्षितिज घडवले, त्या वाचकाला हा शेवट प्रथम अपुरा वाटतो. अर्नाळकरांच्या जगात नायकाच्या हाती गुन्हेगार सापडला की हिशेब मिटतो. येथे खुनी सापडतो, पण बाकी शिल्लक राहते. कारण ज्या दफ्तराने तक्रारी गिळल्या त्याला हातकडी घालता येत नाही.

नेमक्या याच ठिकाणी आरम नदीकाठचे देवमामलेदारांचे मंदिर आठवले. यशवंतराव भोसेकर (1815–1887) हे सटाण्याचे मामलेदार होते. 1870–71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातील 1 लाख 27 हजार रुपये भुकेलेल्या रयतेला वाटले आणि वरिष्ठांनी तपासणी केली तेव्हा खजिना पूर्ण भरलेला निघाला, असे परंपरा सांगते. मार्गशीर्ष वद्य एकादशीला त्यांची यात्रा भरते. कथनव्यवस्थेच्या दृष्टीने पाहता ही अपहाराची तपासकथाच आहे : आरोप आहे, पंचनामा आहे, निर्दोषत्वही सिद्ध होते.

मात्र निर्दोष कोण ठरते? लहानपणापासून ही कथा ऐकताना मामलेदार सुटले याचाच आनंद होत असे. स्वीडिश कादंबरीनंतर लक्षात आले की भरलेल्या खजिन्याने सरकारही सुटते. पैसा गेलाच नाही, म्हणजे रयत भुकेली असताना तो कुलुपात का होता, हे विचारण्याचे कारण उरत नाही. अधिकाऱ्याने नोकरी पणाला लावून मोडलेला नियम चमत्काराच्या उजेडात मोडलेलाच दिसत नाही. भक्तीने माणसाला देवत्व दिले. त्या बदल्यात त्याच्या निर्णयातील धोका मात्र काढून घेतला.

याचा अर्थ ही कथा खोटी ठरवावी असा नव्हे. तक्रार ऐकणारा एक तरी अधिकारी होता, ही स्मृती दीडशे वर्षे जपणारा समाज राज्यसंस्थेकडून काय अपेक्षितो, हे ती कथा सांगते. स्टॉकहोमच्या कादंबरीत असा अधिकारी नाही, म्हणून तेथे बंदूक येते. सटाण्याच्या कथेत तो आहे, म्हणून यात्रा भरते. परक्या साहित्याच्या वाचनाचे मोल अनुकरणात शोधण्याची आपली सवय आहे. या वाचकाला ते अन्यत्र सापडले : खजिना रिकामाच निघाला असता, तर त्या मामलेदारांना आपण देव म्हटले असते काय, हा प्रश्न आता प्रत्येक एकादशीला सोबत येतो.