जुन्या उद्यान-ट्रॅक्टरचे घरच्या घरी पुनरुज्जीवन

ट्रॅक्टर म्हटले की आपल्यासमोर नांगरट करणारे अवजड यंत्र उभे राहते. अमेरिकेत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांभोवती उपनगरे वसू लागली, प्रत्येक घराला अर्धा-एक एकर हिरवळ लाभली आणि तेथे या यंत्राची एक धाकटी जात जन्माला आली. गवत कापणे, बर्फ सारणे, परसातली भाजीपाल्याची जमीन उकरणे, ही तिची कामे. उद्यान-ट्रॅक्टर या नावाने ती ओळखली जाते. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे १९४६ साली सुरू झालेली व्हील हॉर्स, इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली बाजारात आणलेला कब कॅडेट आणि जॉन डिअरचा १९६३ चा ११० हे या कुळातील मानाचे नमुने होत. साठ वर्षे उलटल्यानंतरही ही यंत्रे गोठ्यांत आणि गॅरेजांत गंजत पडलेली आढळतात. ती पुन्हा चालती करणे हा तेथील हजारो हौशी मंडळींचा छंद आहे आणि उपनगरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो अप्राप्य नाही.

यांपैकी पहिल्या कब कॅडेटचे उदाहरण घेतल्यास सारी प्रक्रिया समजण्यास सोपे जाते. केंटकी राज्यातील लुइव्हिलच्या कारखान्यात तो तयार होई. त्याची गिअरपेटी १९४७ च्या फार्मऑल कब या शेती-ट्रॅक्टरवर बेतलेली होती. तीन गती पुढे, एक मागे. ताकद पुरवणारे इंजिन कोहलर कंपनीचे, के १६१ या जातीचे, एका सिलिंडरचे, ओतीव लोखंडाचे आणि सात अश्वशक्तीचे. या पहिल्या नमुन्यात इंजिनाची ताकद पट्ट्याने गिअरपेटीकडे जाई. १९६३ नंतरच्या नमुन्यांत पट्ट्याची जागा दांड्याने घेतली. मराठी वाचकाला इंटरनॅशनल हार्वेस्टर हे नाव अपरिचित नसावे. याच कंपनीच्या सहकार्याने महिंद्रने १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर मुंबईत बनू लागला. महाराष्ट्रातील कित्येक वाड्या-वस्त्यांवर तो अजून दिसतो. तो डिझेलवर चालणारा असल्याने पुढील विवेचनातील प्रज्वलनाचा भाग त्याला लागू नाही, एवढे ध्यानात घ्यावे.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिनावरील पट्टी वाचावी. तिच्यावर नमुना, स्पेसिफिकेशन आणि अनुक्रमांक असे तीन आकडे असतात. सुटे भाग मागवताना केवळ 'के १६१' म्हणून भागत नाही, कारण एकाच नमुन्याच्या इंजिनात वेगवेगळे कार्बोरेटर आणि सुरू करण्याच्या वेगवेगळ्या सोयी बसवल्या जात. त्यानंतर छायाचित्रे काढावीत, तीही नट सैल करण्याआधी. दुरुस्तीची बहुतेक कामे अर्ध्यावर सोडली जातात ती कौशल्याच्या अभावी नव्हे, तर डबाभर पडलेले स्क्रू आणि वायसर कोठले हेच न आठवल्यामुळे. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून तीवर नाव लिहिण्यास फार कष्ट पडत नाहीत.

खरा कस लागतो तो जाम झालेल्या इंजिनात. पावसाचे पाणी प्लगच्या वाटेने आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटतात. अशा वेळी दुसऱ्या वाहनाने ओढून किंवा लांब पाइप लावून इंजिन फिरवण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. के मालिकेतील कनेक्टिंग रॉड अॅल्युमिनियमचा असतो आणि क्रँकवर निराळे बेअरिंग न घालता तो थेट फिरतो. जोर अतिरेकी झाला की तोच आधी तुटतो, आणि तुटलेला तुकडा ब्लॉकला भोक पाडू शकतो. योग्य मार्ग संथ आहे. या इंजिनाच्या झडपा सिलिंडरच्या शेजारी असल्याने हेड उघडणे सोपे असते. ते काढून पिस्टनवर गंज सोडवणारे तेल ओतावे, तीन-चार दिवस मुरू द्यावे, मग लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकावे. हलले नाही तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. काही जण अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल समभाग मिसळून वापरतात. त्याचा गुण येतो खरा, परंतु हे मिश्रण चटकन पेट घेते, म्हणून त्याच्या आसपास विडी-सिगारेट आणि ठिणगी नको.

पिस्टन सुटल्यावर सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवावे. नख अडकले तर ओरखडा खोल आहे. बोअरिंग करून १०, २० किंवा ३० सहस्रांश इंच मोठा पिस्टन घालावा लागेल. हे काम लेथवाल्याचे. क्रँकही घासून घ्यावा लागला तर त्याच्या मापाचा, १० सहस्रांश इंच लहान भोकाचा रॉड मिळतो. झडपा पेस्ट लावून घासाव्यात, पॅकिंग मात्र नेहमी नवेच घालावे. हेडच्या पृष्ठभागाला बाक आला आहे काय, हे सपाट जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासताच दिसून येते.

फ्लायव्हील काढताना क्रँकच्या टोकावर हातोडा घालू नये, पुलर वापरावा. गव्हर्नरची कळ काढून वेग वाढवण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. या इंजिनाची मर्यादा मिनिटाला ३६०० फेऱ्यांची आहे. तिच्या पलीकडे रॉड तुटतो आणि ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील फुटले तर ते शेजारी उभ्या माणसाला जिवे मारू शकते.

इंजिन फिरू लागले तरी ठिणगी मिळेलच असे नाही. बहुधा दोष पॉइंटमध्ये असतो. ते इंजिनाच्या बाजूला एका लहानशा झाकणाखाली बसवलेले असतात आणि नुसत्या दमट हवेनेही त्यांच्यावर थर चढतो. ते साफ करून फीलर गेजने फट वीस सहस्रांश इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवावी. एवढ्याने न भागल्यास कंडेन्सर बदलावा; तो स्वस्त आहे. कब कॅडेटवर इंजिन सुरू करणारी मोटर आणि बॅटरी भरणारा जनरेटर हे एकच यंत्र असते. रेग्युलेटर बदलल्यावर त्याच्या बॅटरी व जनरेटर या दोन टोकांना क्षणभर तारेने जोडून जनरेटरची दिशा निश्चित करावी लागते. हा खटाटोप न केल्यामुळे चांगले जनरेटर नादुरुस्त ठरवून फेकले गेल्याची उदाहरणे या छंदात पुष्कळ ऐकू येतात.

इंधनाचा प्रश्न त्या काळी नव्हता, आज आहे. अमेरिकेत मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये सामान्यतः दहा टक्के इथेनॉल असते आणि भारतात २०२५ पासून वीस टक्क्यांचे मिश्रण सर्वत्र दिले जाते. इथेनॉल हवेतील ओल शोषते आणि जुने रबर मऊ पाडते. म्हणून सर्व नळ्या नव्या घालाव्यात आणि यंत्र महिनोन् महिने उभे राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत. गंजलेल्या टाकीत व्हिनेगर व मूठभर नट घालून हलवावे. टाकीला छिद्र असेल तर तिच्यावर वेल्डिंग कधीही करू नये; रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतील वाफेचाही स्फोट होतो.

पत्र्याचा गंज काढण्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा प्रवाह सोडण्याची पद्धत लोकप्रिय आहे. गंजलेला भाग ऋण टोकाला, साधे लोखंड धन टोकाला. स्टेनलेस स्टील लावल्यास पाण्यात विषारी क्रोमियम उतरते, म्हणून ते वर्ज्य. हायड्रोजन वायू निघत असल्याने हे काम उघड्यावर करावे. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा न घासता ओला घासावा आणि नाकातोंडावर योग्य मुखवटा असावा. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने त्यांवरची धूळ हवेने उडवू नये.

रंगाविषयी मतभेद आहेत. काहींना पिवळा-पांढरा नवा कोरा कब कॅडेट हवा असतो. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते, मूळ रंग निम्म्याहून अधिक शाबूत असेल तर तो तसाच ठेवणे शहाणपणाचे, कारण कारखान्यातला रंग पुन्हा चढवता येत नाही. शिवाय हे ट्रॅक्टर दुर्मीळ नाहीत. त्यांवर होणारा खर्च विक्रीतून क्वचितच भरून निघतो, हे आधीच जाणून हात घालावा.

सर्व जुळणी झाल्यावर एसएई ३० दर्जाचे तेल पातळीपर्यंत भरावे. या इंजिनात तेलाचा पंप नसतो; रॉडच्या टोकाची पळी तेल उडवते, त्यामुळे पातळी घसरली की रॉड घासलाच. पहिल्यांदा सुरू करताना गवत कापण्याची पाती उतरवून ठेवावीत, गिअर मोकळा आहे याची खात्री करावी आणि पाचेक तासांच्या कामानंतर तेल बदलावे. जुन्या तेलात चकाकणारे कण फार दिसले तर इंजिन पुन्हा उघडणे क्रमप्राप्त आहे.