तालिकोटला आपण कुठे होतो?

गेल्या महिन्यातली गोष्ट. मगरिबची नमाज पढून घरी आलो, तर सातवीतला माझा मुलगा दप्तर पसरून बसला होता. मान वर न करताच त्याने विचारलं, “अब्बा, तालिकोटला आपण जिंकलो होतो का?”

मी म्हटलं, “आपण म्हणजे कोण?”

तो गप्प बसला. जेवताना हळूहळू सगळं बाहेर आलं. सातवीच्या इतिहासात शिवाजी महाराजांच्या आधीच्या काळावर एक धडा आहे. त्यात विजयनगर आणि बहमनी अशी दोन्ही राज्यं येतात. त्या तासानंतर त्याच्या बाकावरचा मित्र, ज्याच्यासोबत तो रोज सायकलने शाळेत जातो, त्याला म्हणाला होता, “तुम्ही लोकांनी हंपी फोडली.” भांडण नव्हतं. मुलं बोलतात तसं तो बोलून गेला. पण याच्या डोक्यात ते बसलं. येताना मोहल्ल्यातल्या एका ओळखीच्या माणसाला याने विचारलं, तर ते हसून म्हणाले, “अरे, जिंकलो ना आपण! लाजायचं काय त्यात?”

एकाच दिवशी एकाने त्याला गुन्हेगार ठरवलं आणि दुसऱ्याने विजेता. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या लढाईत रिसोडच्या बारा वर्षांच्या पोराला दोघांनीही परस्पर उभं करून टाकलं. त्या रात्री मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर. ते इथे मांडतोय, कारण हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात येतो आणि बहुतेक वेळा आपण तो “अभ्यास कर” म्हणून टाळतो.

आधी घडलं काय ते पाहू. विजयनगरची स्थापना साधारण १३३६ची. तुंगभद्रेच्या काठी, आज जिथे हंपी आहे तिथे, त्याची राजधानी होती. उत्तरेला १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. कृष्णा आणि तुंगभद्रेमधल्या रायचूर दुआबासाठी ही दोन्ही राज्यं पिढ्यान् पिढ्या लढली. पुढे बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले: विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बिदरची बरीदशाही आणि आपल्या वऱ्हाडची इमादशाही. २३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णेजवळ जी लढाई झाली, तिला कोणी तालिकोटची म्हणतं, कोणी राक्षसतागडीची. तीत विजयनगरचा सर्वेसर्वा रामराय पकडला गेला आणि हुसेन निजामशहाने त्याचं डोकं उडवलं. मग फौजा राजधानीत शिरल्या. कित्येक महिने लूट आणि मोडतोड चालली. देवळं फुटली, माणसं मेली. ते शहर पुन्हा उभं राहिलं नाही. हे खरं आहे, आणि ते सांगताना आवाज बारीक करण्याचं कारण नाही.

आता मुलाचा प्रश्न. त्या लढाईत ‘आपण’ कुठे होतो?

रिसोड तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीच्या मुलखात होतं. आणि पाच शाह्यांपैकी तालिकोटला न गेलेली एकमेव शाही म्हणजे हीच! विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, बिदर असे चौघे गेले. वऱ्हाडचं अहमदनगरशी जुनं वैर होतं. हुसेन निजामशहाने वऱ्हाडचा कारभारी जहांगीर खान याला मारलं होतं, ते इथल्या दरबाराला विसरता आलं नव्हतं. मोहिमेत आला नाहीत, हे निमित्त करून पुढे अहमदनगर आणि विजापूरच्या फौजांनी वऱ्हाडवरच चाल केली. हंपी लुटणाऱ्या सैन्यांचा पुढचा फेरा आपल्याच शेतांवरून गेला. १५७४ मध्ये निजामशाहीने इमादशाही संपवली. म्हणजे ‘मुसलमान जिंकले’ असं म्हणायचं, तर वऱ्हाडचे मुसलमान त्याच जिंकणाऱ्यांच्या हातून लगेच हरले, हेही त्याच दमात सांगावं लागेल.

पण खरी गंमत पुढे आहे. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा मूळचा कोण? फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की तो विजयनगरच्या मुलखातल्या हिंदूचा मुलगा. बहमनी फौजेने लढाईत पकडून आणलेला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या घरी मुसलमान म्हणून वाढलेला. तोच पुढे वऱ्हाडचा मालक झाला. चिखलदऱ्याला गेलात तर गाविलगड नीट बघा. त्याच्या दरवाज्यावर दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे, चोचीत आणि पंजात हत्ती धरलेला. तो गंडभेरुंड. विजयनगरच्या राजांच्या नाण्यांवरही तोच दिसतो. आपल्या मुलखातल्या मुसलमान सुलतानांच्या किल्ल्यावर विजयनगरची खूण! मग गाविलगड कोणाचा? ‘त्यांचा’ की ‘आपला’?

विजयनगरच्या आतही चित्र असंच गुंतलेलं होतं. काही वर्षांपूर्वी सोलापूरहून रेल्वेने होसपेटला उतरून मी हंपी पाहिली. वाटाड्या प्रत्येक फुटक्या मूर्तीपाशी थांबून ती कोणी फोडली ते सांगत होता. ते त्याने सांगायलाच हवं. पण तिथेच, राजवाड्यापासून फार दूर नाही, एक साधी दगडी इमारत आहे. खांब अगदी मंडपासारखे. ती १४३९ मध्ये अहमद खान नावाच्या सरदाराने बांधली, राजा दुसरा देवराय याला पुण्य लाभावं म्हणून. ती मशीद आहे, पण तिच्यावरच्या कन्नड लेखात तिला धर्मशाळा म्हटलंय. आजूबाजूला मुसलमानांच्या कबरी आहेत. हे लोक तुंगभद्रेकाठी राजाच्या नोकरीत होते. देवरायाने मुसलमान धनुर्धर आणि घोडेस्वार मुद्दाम पदरी ठेवले. त्यांना मुजरा करताना अडचण वाटू नये म्हणून तो सिंहासनासमोर कुराण ठेवायचा, असं फरिश्ता लिहितो. विजयनगरचे राजे शिलालेखांत स्वतःला ‘हिंदुरायसुरत्राण’ म्हणवून घेत. सुरत्राण म्हणजे सुलतान. ज्यांच्याशी लढायचं, त्यांचीच पदवी ते अभिमानाने लावत.

आणि रामराय? गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा गादीवर येण्याआधी सात वर्षं विजयनगरच्या आश्रयाला होता. अली आदिलशहा रामरायाच्या मुलाच्या मौतीला दुखवट्यासाठी स्वतः विजयनगरला गेला होता. दोघांनी मिळून अहमदनगरवर स्वारीही केली. आज याच्या बाजूने, उद्या त्याच्या बाजूने असं करत रामराय इतका जड झाला, की एकमेकांचं तोंड न पाहणारे सुलतान एकत्र आले. त्या जुळणीसाठी अहमदनगरची चांदबिबी विजापूरला दिली गेली आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. हीच चांदबिबी पुढे अहमदनगरच्या तटावर मोगलांशी लढली. १५९६च्या तहात मोगलांना जो मुलूख सोडावा लागला, तो आपला वऱ्हाड. आपण कोणाच्या तरी तहात गेलो. आपल्याला कोणी विचारलं नव्हतं.

मग या सगळ्याचं ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ असं सरळ गणित झालं कधी?

पहिली नोंद आपल्याच बाजूच्या दरबारात सापडते. फरिश्ता लहानपणी अहमदनगरला वाढला आणि विजापूरच्या दरबारात त्याने इतिहास लिहिला, लढाईनंतर जवळपास चाळीस वर्षांनी. आश्रयदात्याच्या वाडवडिलांचा विजय म्हणजे इस्लामचा विजय, अशा थाटात त्याने तो रंगवला. दरबारी माणूस दुसरं काय करणार? पुढे इंग्रज आले. त्यांनी फरिश्त्याचं भाषांतर केलं. १९०० मध्ये रॉबर्ट सीवेल या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने विजयनगरवर ‘अ फरगॉटन एम्पायर’ हे पुस्तक काढलं. पोर्तुगीज प्रवाशांची वर्णनं त्याने पहिल्यांदा इंग्रजीत आणली, हे त्याचं मोठं काम. पण मुसलमानांचा लोंढा अडवून धरणारा हिंदूंचा बांध, ही विजयनगरची प्रतिमाही त्याच पुस्तकाने घट्ट केली. हिंदू-मुसलमान सदा लढतच होते, आम्ही येऊन शांतता केली, असं म्हणणं राज्यकर्त्यांच्या सोयीचंच होतं.

म्हणजे पाहा, मोहल्ल्यातल्या त्या माणसाचा अभिमान आणि शाळेतल्या मित्राचा आरोप, दोन्ही एकाच विहिरीतून भरलेलं पाणी आहे. एकाने फरिश्ता सरळ वाचला, दुसऱ्याने उलटा.

त्यानंतर ज्याला जे हवं होतं, ते त्याने विजयनगरमध्ये शोधलं. आलूर वेंकटराव १९०५ मध्ये हंपीला गेले. ते अवशेष बघून त्यांना कन्नड माणसांच्या एका प्रांताचं स्वप्न पडलं, आणि १९१७ मध्ये त्यांनी ‘कर्नाटक गतवैभव’ लिहिलं. कर्नाटकाच्या एकीकरणामागे ही हंपी आहे. तेलुगू अभ्यासक म्हणाले, कृष्णदेवरायाने ‘आमुक्तमाल्यदा’ तेलुगूत लिहिलं, हे साम्राज्य आमचं. संस्थापक हरिहर-बुक्क कन्नड की तेलुगू, यावर दोन्हीकडच्या विद्वानांनी वर्षानुवर्षं वाद घातला. १९७७ मध्ये व्ही. एस. नायपॉल यांनी भारतावरच्या पुस्तकाची सुरुवात हंपीच्या अवशेषांपासून केली आणि त्यात त्यांना एका जखमी संस्कृतीचं दुखणं दिसलं. स्वतंत्र भारताने २०१७ मध्ये पन्नास रुपयांच्या नोटेवर हंपीचा दगडी रथ छापला. ती नोट माझ्या खिशात असते, वाण्याच्या गल्ल्यात असते आणि मशिदीच्या चंद्यातही पडते.

आपण मराठी लोक विजयनगर कसं आठवतो? वारकऱ्यांच्या आख्यायिकेत कृष्णदेवराय पंढरपूरचा विठ्ठल उचलून आपल्या राजधानीत नेतो आणि नाथांचे पणजोबा भानुदास महाराज त्याला परत आणतात. त्या कथेत हिंदू सम्राटाच्या हातून मराठी माणसाचा देव जातो आणि एक भक्त तो सोडवून आणतो. कन्नड माणसाचा महानायक आपल्या कीर्तनात देव नेणारा राजा असतो. साम्राज्य एकच, पण उभं राहायची जागा बदलली की त्याचा चेहरा बदलतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इस्तंबूलची आयासोफिया बघा. बायझंटाईन सम्राटाचं चर्च, १४५३ नंतर उस्मानी सुलतानाची मशीद, केमाल पाशाच्या काळात १९३५ पासून संग्रहालय, आणि २०२० पासून पुन्हा मशीद. भिंती त्याच. प्रत्येक राजवटीने स्वतःला काय म्हणवून घ्यायचंय, ते त्या भिंतींवर लिहिलं. २०२० मध्ये आपल्यातल्या काहींनी त्या बातमीवर मिठाई वाटल्यासारखा आनंद केला. मला तेव्हाच वाटलं होतं, दुसऱ्याचं प्रार्थनास्थळ बदललं म्हणून आज खूश होणारे आपण, उद्या आपल्यावर तीच वेळ आली तर कोणत्या तोंडाने बोलणार?

काही वाचक म्हणतील, हा सारवासारव करतोय. तर स्पष्ट लिहितो. हंपीची लूट हा जुलूम होता. करणारे सुलतान मुसलमान होते, आणि त्यांच्या फौजांत मराठा सरदार, देशमुखही नोकरीला होते. त्या जुलमाचं समर्थन मी करणार नाही. पण मी त्याची माफीही मागणार नाही, कारण ते राज्य माझं नव्हतं. विजयाचा वाटा घ्यायचा तर जुलमाचाही घ्यावा लागतो. जमा आणि नावे एकाच वहीत असतात. ती वहीच माझी नाही, हे मला मुलाला शिकवायचं आहे. आणि त्याच्या मित्रालाही तेवढ्याच प्रेमाने सांगायचं आहे, की ती वही त्याचीही नाही.

आमचं दोघांचं खातं वेगळं आहे. त्याच्या मित्राचे पूर्वज आणि आमचे पूर्वज याच काळ्या मातीत होते. त्यांनी इमादशाहीला सारा भरला, मग निजामशाहीला. अकबराच्या दफ्तरात वाशिम सरकार म्हणून लागलं, तेव्हा मोगलांना भरला. पुढे निजामाला आणि नागपूरकर भोसल्यांना, दोघांनाही. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा त्यांना. पाऊस नाही आला तर दोघांचीही ज्वारी करपली. या मुलखात ‘आपण’ म्हणायचं असेल, तर ते असं म्हणता येतं.

चार दिवसांनी मी मुलाला सांगितलं, “तालिकोटला आपलं वऱ्हाड गेलंच नव्हतं.” मग फतहुल्लाची गोष्ट सांगितली, गाविलगडच्या दोन तोंडांच्या पक्ष्याची सांगितली. पक्षी ऐकून त्याचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला आणि म्हणाला, “त्याला सांगितलं. तो म्हणे, खोटं आहे, दाखव.”

दिवाळीच्या सुट्टीत दोघांना घेऊन चिखलदऱ्याला जायचं ठरलंय. त्याच्या वडिलांनीही हो म्हटलंय.