सरकलेल्या गादीची गोष्ट

कंबरेत उसण भरली, दोन दिवस शेक घेतला आणि माणूस पुन्हा कामाला लागला, हा अनुभव तुमच्याही घरचा असेल. पण कळ कुल्ल्यातून निघून पोटरीवरून पावलापर्यंत उतरू लागली, की घरची मंडळी म्हणतात, ‘गादी सरकली!’ खरे पाहता दोन मणक्यांमधली ही गादी जागची सरकत नाही. तिचे बाहेरचे कडे चिरते, आतला मऊ गर बाहेर येतो आणि शेजारच्या मज्जातंतूला डिवचतो.

एवढी गोष्ट नीट उमगायला १९३४ साल उजाडावे लागले. तोवर शस्त्रवैद्य पाठ उघडीत, गाठ दिसली की ती कूर्चेची वाढ समजून काढून टाकीत. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी अशा जुन्या गाठी पुन्हा तपासल्या. पाहतात तो काय, पुष्कळशा गाठी नव्हतच; ते फुटलेल्या गादीचे तुकडे होते!

तेव्हापासून शस्त्रक्रिया रूढ झाली. मात्र मणक्याची मागची कमान कापायची, म्हणजे काम मोठेच. चाकू टाळता येईल का? १९५६ साली लुइस टॉमस यांनी सशांना पपईच्या चिकातले पपेन टोचले, तर त्यांचे ताठ कान चक्क लोंबू लागले. कच्ची पपई घालून मटण शिजवणाऱ्या सुगरणीला याचे नवल वाटणार नाही! लायमन स्मिथ यांनी त्याच चिकातले एक द्रव्य रोग्यांच्या गादीत टोचले, आणि १९६४ मध्ये तसे प्रसिद्ध केले. अनेकांना गुण आला. पण काहींना ते जबर बाधले, क्वचित मज्जारज्जूलाही इजा झाली. २००३ साली अमेरिकेत त्याची विक्री थांबली.

दरम्यान १९७७ च्या सुमारास सूक्ष्मदर्शक आला, छेद लहान झाला; १९९७ मध्ये नळीतून दुर्बीण घालून काम होऊ लागले. आता तुम्ही म्हणाल, जखम जितकी लहान तितका गुण मोठा. हॉलंडमध्ये ३२८ रोग्यांवर हेच ताडून पाहिले. २००९ चा निकाल असा: वर्षानंतर नळीवाल्यांपैकी शेकडा ६९ बरे, नेहमीच्या लहान छेदाचे ७९!

त्याच देशात २००७ मध्ये आणखी एक तुलना प्रसिद्ध झाली होती. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षाअखेर दोन्ही गटांत शेकडा ९५ बरे होते. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना अखेर टेबलावर जावेच लागले. थांबण्याची ही मुभा सर्वांना नाही, बरे का. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच रात्री इस्पितळ गाठायचे.